चौदा कादंबऱ्या आणि एक ओळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार पानं, पाठपोट. पहिल्या तीन पानांत घरचं सगळं, आणि चौथ्या पानावर गुन्हा कबूल करावा तसं एक वाक्य : ‘बाई, आषाढभर मी चौदा कादंबऱ्या वाचल्या, सगळ्या प्रेमाच्या, हलक्याफुलक्या. वाचलं म्हणण्यासारखं त्यात काही नाही.’ त्या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस. त्या रेघेचंच मला वाईट वाटलं, म्हणून आजच लिहायला बसले.

आधी घरचं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. कापडाचे आठ माग दुसऱ्याला चालवायला द्यावे लागले. ताईचं लग्न ज्येष्ठात होतं ते तुळशीच्या लग्नापलीकडे गेलं. पुण्याची कंपनी तुला अजून घरून काम करू देते आहे, पण कधीपर्यंत ते कुणी सांगत नाही. रात्री आई दोनदा उठते, तू तीनदा. तीन महिन्यांपूर्वी तुमच्या घरात पहिला प्रश्न असायचा की लग्नाच्या कार्यालयाला इसार दिला का. आता सकाळी उठल्यावरचा पहिला प्रश्न असतो की बाबांनी आज डाव्या हातानं का होईना, घास घेतला का. घराचा सगळा क्रम असा एका रात्रीत उलटापालटा होतो आणि वाचनाचा क्रम तेवढा जागच्या जागी राहावा, असं तुला का वाटलं? पाडव्याला तू मला वर्षभराची यादी दाखवली होतीस. यादी चांगली होती, मी त्यात दोन नावं घातलीसुद्धा. पण ती यादी करणारा मुलगा वेगळ्या घरात राहत होता. त्याला रात्री सलग आठ तास झोप मिळत होती.

एकतीस वर्षं मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसले. पुस्तकाच्या शेवटी तारखांची पट्टी असते ना, ती भरली की तिच्यावरच दुसरी चिकटवायची, ती भरली की तिसरी. काही पुस्तकांवर पट्ट्यांचा थर चढून पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता. ती पुस्तकं कुणाची होती ते मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. ना. सी. फडके, चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर आणि आपल्या कोल्हापूरचे बाबा कदम. चार ते सहा बायकांची वेळ, त्या पिशवीत तळाशी घालून न्यायच्या. पण रात्रपाळीला जाणारे मागवालेही न्यायचे, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

त्यांतले एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, मला कायमचे लक्षात राहिले. बायको गेलेली, पदरात दोन लहान मुली. दर शनिवारी यायचे आणि म्हणायचे, ‘बाई, डोकं जड झालंय, पुस्तक हलकं द्या.’ मी तेव्हा नोकरीला नवी होते, वाचकाची अभिरुची घडवायची असं शिकून आलेली. एकदा न विचारता त्यांच्या हातात एक नावाजलेली कादंबरी ठेवली. पुढच्या शनिवारी त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाले, ‘दहा पानं झाली. यात पण बायको मरते.’ मला काय बोलावं ते सुचेना. त्या दिवसानंतर कुणालाही त्याच्या मागण्याहून जड पुस्तक मी विचारल्याशिवाय दिलं नाही.

म्हणून तुझी ती रेघ मला मान्य नाही. चौदा पुस्तकं तू वाचलीस. ती वाचनातच धरायची.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद तुला तोंडपाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही. मला एवढंच वाटतं की त्या वादात दोन्ही बाजूंनी लेखकाचा विचार फार झाला. पुस्तक हातात घेणाऱ्याच्या घरी त्या आठवड्यात काय चाललंय, तो बिचारा मागेच राहिला. काकोडकरांना तर कोर्टापर्यंत जावं लागलं. 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली त्यांची एक कथा अश्लील ठरवून हायकोर्टानं 25 रुपये दंड केला. सुप्रीम कोर्टानं 1969 साली तो निकाल फिरवला. आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. राजेश खन्ना आणि मुमताजची गाणी म्हणून लोक गेले. आत काय होतं? घर ओढणारा थोरला सावत्र भाऊ, शिकून बायकोच्या माहेरच्या श्रीमंतीकडे ओढला गेलेला मधला, आणि सगळा भार अंगावर येऊनही प्रेमात पडलेला धाकटा. तू ज्याला हलकंफुलकं म्हणतोस त्यात घराची वाटणी, आजारपण, पैशाची ओढाताण पहिल्यापासून आहे. फक्त ती पाठीमागच्या भिंतीसारखी असते, पुढे दोन माणसं उभी असतात.

या भिंतीकडे बघायला मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. ही गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती.

1991 च्या पावसाळ्यात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि पुढचे चौदा महिने त्या खाटेवर होत्या. माझी मुलगी दहावीला, यजमान दौऱ्यावर, मी नोकरीत. त्या दिवसांत मी फक्त प्रेमकथा वाचल्या, आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचल्या. कारण आमच्या वरिष्ठांनी एकदा चार सभासदांसमोर मला विचारलं होतं, ‘वाचनालयात काम करता आणि हे वाचता?’ तो प्रश्न मी घरापर्यंत घेऊन आले होते. एके रात्री सासूबाई म्हणाल्या, ‘काय वाचतीस गं रोज तोंड लपवून? मोठ्यानं वाच की.’ मी पहिलं पान काढलं तर हात वर करून थांबवलं. ‘आधी शेवट वाच.’ मी शेवटचं पान वाचलं. ‘लगीन हुतंय न्हवं? मग वाच आता पयल्यापासनं.’

तेव्हा मला ते लहान मुलासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. उद्या सकाळी कूस वळवता येईल की नाही हे ज्या बाईला ठाऊक नव्हतं, तिला निदान एका गोष्टीचा शेवट आधी मुठीत हवा होता. तू आषाढभर जे केलंस ते हेच. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत, कंपनी सांगत नाही, लग्नाची तारीख ठरत नाही. अशा वेळी तू असं पुस्तक उचललंस की ज्याच्या पहिल्या पानावरच शेवटाचा शब्द दिलेला असतो. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, मला सांग.

पण सासूबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. नायिका नायकाबरोबर महाबळेश्वरला गेली की त्या विचारायच्या, ‘हिच्या घरी चूल कोण बघतंय गं?’ नायक दिवसभर नायिकेच्या दारात उभा राहिला की, ‘ह्येला काम न्हाई व्हय?’ मला उत्तर देता यायचं नाही. त्या खरंच चौकशी करायच्या, त्या घराची त्यांना काळजी वाटायची. तेव्हापासून कुठलीही प्रेमकथा वाचताना तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसतो. पंधरावी कादंबरी तू तशी वाचून बघ. या घरात स्वयंपाक कोण करतंय, पैसे कोण आणतंय, आजारी माणूस कुठे ठेवलाय? बहुतेक वेळा तो पहिल्या प्रकरणाच्या आधीच वारलेला असतो, नाहीतर त्याच्यासाठी एक जुनी विश्वासू बाई असते. दोन माणसांना एकमेकांकडे निवांत बघता यावं म्हणून लेखकानं केवढं काम बाजूला उचलून ठेवलंय, ते तुझ्या लक्षात येईल. आणि तुमच्या घरात ते उचलून ठेवणारं कुणी नाही, हेही.

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनला हे पुरतं ठाऊक होतं. प्रेम जमतं, मोडता मोडता राहतं आणि शेवटी लग्न होतं, अशा गोष्टी लिहिणाऱ्या कितीतरी जणी तिच्याच वाटेनं पुढे गेल्या. 1805 च्या जानेवारीत बाथ शहरात तिचे वडील वारले. आई आणि दोन अविवाहित मुली. मिळकत आटली, भावांच्या मदतीवर दिवस काढायचे, आज या गावात तर उद्या त्या गावात बिऱ्हाड. हातातली कादंबरी अर्धीच राहिली, ती पुढे तिनं कधीच पुरी केली नाही. 1809 मध्ये एडवर्ड या भावानं चॉटन गावातलं घर दिलं तेव्हा कुठे बूड टेकलं, आणि 1811 मध्ये तिचं पहिलं पुस्तक छापून आलं. तोवर ती पस्तिशी ओलांडून गेली होती.

चॉटनच्या घरातली एक गोष्ट मला फार आवडते. घरकाम कॅसांड्रा ही थोरली बहीण आणि मार्था लॉइड ही मैत्रीण बघायच्या. जेनकडे सकाळी नऊची न्याहारी आणि चहा-साखरेचं कोठार, एवढंच. पण ते सगळं तिचं. 1816 च्या सप्टेंबरात कॅसांड्रा परगावी होती, घरात पाहुणे होते आणि सगळा संसार जेनच्या अंगावर पडला. तेव्हाच्या पत्रात ती बहिणीला लिहिते की डोक्यात मटणाचे तुकडे आणि रेवंदचिनीच्या मात्रा भरलेल्या असताना लेखन करणं मला अशक्य वाटतं. एवढी मोठी लेखिका, तिला अशक्य वाटलं. तुला हातात जाड ग्रंथ धरवत नाही म्हणून तू स्वतःला बोल लावतोस.

या न्याहारीवरून तुला एक सांगायचं आहे. तुझं पत्र वाचताना मी पेन्सिलीनं खुणा केल्या. बाबांची औषधं तू देतोस, पण आई पुन्हा मोजते. व्यायाम ताई करून घेते, पण मधेच तू जाऊन उभा राहतोस. मागांचा हिशेब तू बघतोस, पण भाडं मागायला आई जाते. सगळेजण सगळं अर्धं अर्धं करता आहात, म्हणून सगळे दमला आहात. बसा तिघंजण, बाबांच्या खोलीतच बसा, त्यांनाही ऐकू दे. एकेक काम एकेकाचं पुरतं करून टाका. मला विचारशील तर बँक, माग आणि रात्री अकरा ते पहाटे चार हे तू घे. औषधं आईकडे राहू देत, तू मोजायला जाऊ नकोस. ताईकडे व्यायाम. आणि आठवड्यात दोन रात्री आईनं सलग झोपायचंच. त्या रात्री बाबांकडे कोण, ते आधी ठरवून ठेवा. त्यातून तुला दिवसाचा एक तास सुटेल. त्या तासात काय वाचायचं ते मी सांगणार नाही.

एका बाबतीत मात्र तुला रागावणार आहे. तू लिहिलंस की बाबांनी हाक मारली तरी परिच्छेद संपेपर्यंत उठत नाहीस. आणि पहाटे तीनपर्यंत फोनवर वाचत पडतोस, घरी कुणाला कळत नाही. घरी सगळ्यांना कळतं. दार लोटलेलं आणि फटीतून फोनचा उजेड, हे काय आईला दिसत नाही? माझी मुलगी मोठी झाल्यावर मला म्हणाली होती, ‘आई, तू कव्हर घातलेलं पुस्तक काढलंस की मी तुला काही विचारायचे नाही.’ दहावीचं वर्ष होतं तिचं. आज तिची मुलगी कॉलेजात आहे, तरी ते वाक्य मला टोचतं. मला प्रेमकथांनी काही केलं नाही, त्या कव्हरानं केलं. तेव्हा उघड वाच. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उपडं ठेव. रात्री तुझी पाळी नसेल तेव्हा अकराला दिवा बंद. आणि बाबांची हाक आली की ओळीच्या मधे उठ, पुस्तकातली माणसं तिथेच थांबतात. बँकेचा कागद पंधरा दिवस तसाच पडलाय म्हणालास, तो हे पत्र संपल्यावर लगेच उचल.

बाबांना वाचून दाखव. त्यांचं बोलणं अडखळतं, पण ऐकलेलं सगळं समजतं, असं तूच लिहिलं आहेस. 1943 च्या डिसेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, चर्चिल ट्युनिशियात न्यूमोनियानं आजारी पडले. तेव्हा त्यांची मुलगी सारा त्यांना ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचून दाखवायची. किती शांत आयुष्यं होती त्या माणसांची, असं त्यांनी मागाहून लिहून ठेवलं. तुला वाटेल, बाबांना आणि प्रेमकथा? तुला एक सांगते, जे त्यांनी तुम्हाला बहुधा कधी सांगितलं नाही. लग्नाआधी तुझे बाबा दर आठवड्याला वाचनालयात यायचे. अंगावर कापसाचे तंतू तसेच असायचे, टेबलाला हात लावायच्या आधी झटकायचे. बाबा कदम त्यांनी एकही सोडला नसेल. पोलीस प्रॉसिक्युटर असलेल्या त्या माणसाला दुनिया ठाऊक आहे, असं ते म्हणायचे. एक कादंबरी तर त्यांनी तीनदा नेली. तिसऱ्या वेळी मी विचारलं, वाचलेली आहे ना? तर नुसतं हसले. त्या वर्षी त्यांचं लग्न ठरत होतं.

आता ती ओळ. तिसऱ्या पानाच्या तळाला, कार्यालयाचा इसार परत मिळेल का आणि मागांचं भाडं थकलंय यांच्या मधे तू लिहिलं आहेस : ‘पुण्याची मैत्रीण दोनदा येते म्हणाली, मी नको म्हटलं, घरात असं असताना बरं दिसत नाही.’ बस्स. चार पानांत एक ओळ. तिचं नाव नाही, ती काय करते ते नाही, ‘नको’ म्हटल्यावर ती काय बोलली तेही नाही. बाबांच्या औषधांची नावं मात्र तू मात्रेसकट लिहिली आहेस.

चौदा कादंबऱ्या वाचल्यास ना? त्यांतल्या किती जणांमध्ये नायक मधल्या कुठल्यातरी प्रकरणात नेमकं हेच बोलतो, ‘तुला या सगळ्यात ओढायचं नाही मला’? आणि ते वाचताना तुझ्या मनात काय आलं? मी सांगते, कारण माझ्याही मनात दरवेळी तेच येतं : अरे, तिला विचार तरी. तिचं उत्तर तूच देऊन टाकू नकोस.

तुझ्या मनातलं मला समजतं. आपल्या गावात मुलगी घरी आली की शेजारी दारात येतात, ताईचं अजून व्हायचंय, आई आधीच दमलेली. हे सगळं खरं आहे. तरीही मी म्हणेन, तिला एका रविवारी बोलाव. सून म्हणून बघायला नको आणि दाखवायलाही नको. सकाळच्या गाडीनं यावं, बाबांपाशी अर्धा तास बसावं, आईच्या हातचा चहा घ्यावा, संध्याकाळी परत जावं. आईला आधी सांग, बाबांनाही सांग. घर आहे तसं राहू दे, औषधांचा वास, वाळत घातलेले टॉवेल, सगळं. तिला ते बघून जड वाटेल कदाचित. वाटलं तर वाटलं, तो तिचा अधिकार आहे, आणि तुलाही ते आज कळलेलं बरं. कदाचित तिला तसं वाटणारही नाही. कदाचित तीच विचारेल की रात्री कोण उठतं. मला यातलं काहीच ठाऊक नाही, शेवटचं पान आधी काढून तुला वाचून दाखवता येत नाही. पण दोनदा स्वतःहून येते म्हणालेल्या मुलीला तिसऱ्यांदा विचारायला लावू नकोस. आता तू विचार.

ताई गुरुवारी इकडे येणार आहे, तिच्याबरोबर एक पुस्तक पाठवते. बाबांनी तीनदा नेलेलंच ते. वाचनालयानं जुन्या प्रती बाद केल्या तेव्हा मी ही प्रत घरी आणली होती. शेवटची दोन पानं गळाली होती, ती मी दुसऱ्या प्रतीवरून हातानं उतरवून चिकटवली आहेत. अक्षर बारीक आहे, बाबांना वाचून दाखवताना दिवा जवळ घे.

तुझी,
देवघेवीतली बाई